डेस्कटॉप तिकडे, पडदा इकडे

साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १,९२० आणि उभे १,०८० पिक्सल असतात. गुणाकार केला की २० लाख ७३ हजार ६०० होतात. प्रत्येक पिक्सलच्या रंगाला २४ बिट आणि सेकंदाला ६० चौकटी धरल्या, तर दर सेकंदाला सुमारे तीन गिगाबिट माहिती तयार होते. घरात येणारं फायबर १०० मेगाबिटचं असेल, तर ही माहिती त्याच्या तीसपट झाली. तरीही हिंजवडीतल्या कंपनीची कर्मचारी सांगलीच्या घरी बसून डेटा सेंटरमधला डेस्कटॉप उघडते, एक्सेलची भलीमोठी शीट वरखाली करते आणि तिला त्यात फारसं वावगं जाणवत नाही. पडदा तिच्यासमोर आहे, कॉम्प्युटर मात्र तिथे नाहीच. या दोघांमधली ने-आण जो करतो, तो रिमोट डिस्प्ले प्रोटोकॉल.

त्याचं काम दुतर्फा चालतं. इकडून कळा आणि माउसच्या हालचाली जातात, तिकडून चित्र येतं. त्याच वाटेने आवाज, प्रिंटरला धाडलेली पानं, पेनड्राइव्हवरच्या फाइली आणि कॉपी-पेस्टचा मजकूरही येत-जात असतो. हे सगळं सुरळीत चाललं तर प्रोटोकॉल कुणाच्या लक्षातही येत नाही. अडलं की हेल्पडेस्ककडे तिकीट पडतं, ‘सिस्टिम स्लो आहे’. त्या तीन शब्दांच्या मागे नेमकं काय आहे हे शोधण्यात आयटी विभागाची दुपार जाते, कारण सर्व्हर बहुतेक वेळा निवांत असतो.

चित्र दूरवर पोचवण्याचे मुळात दोन मार्ग. पहिला म्हणजे चित्र न पाठवता ते कसं काढायचं ते सांगायचं : इथे चौकोन काढ, तिथे अमुक फॉन्टमधलं अक्षर ठेव, ही खिडकी दहा पिक्सल खाली सरकव. एमआयटीमध्ये १९८४ साली सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टिमची रीत हीच. सिट्रिक्स या कंपनीच्या आयसीए प्रोटोकॉलचीही सुरुवात याच वळणाची. आयबीएममध्ये ओएस/टू या प्रणालीवर काम केलेल्या एड याकोबुची यांनी १९८९ साली ही कंपनी काढली. १९९५च्या विनफ्रेममुळे एका विंडोज एनटी सर्व्हरवर अनेकांना एकाच वेळी काम करता येऊ लागलं. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टने अशी सोय आपण स्वतःच करणार असं जाहीर केलं आणि सिट्रिक्सचे शेअर कोसळले. त्याच वर्षी तडजोड होऊन मायक्रोसॉफ्टने सिट्रिक्सच्या तंत्रज्ञानाचा परवाना घेतला, आणि १९९८ साली एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आली. तिच्यासोबत आला मायक्रोसॉफ्टचा स्वतःचा प्रोटोकॉल, आरडीपी. त्याचा पाया मात्र सिट्रिक्सचा नव्हता. तो आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या टी.१२८ या मानकावरून घेतलेला होता, आणि ते मानक मुळात ऑनलाइन सभांमध्ये एकमेकांना आपला पडदा दाखवण्यासाठी होतं.

दुसरा मार्ग सरळ पिक्सल पाठवण्याचा. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात जन्मलेला व्हीएनसी हा त्याचा सर्वांत परिचित नमुना. पडद्याचा जो भाग बदलला तेवढ्याचं चित्र दाबून लहान करायचं आणि धाडायचं. त्या काळच्या मोडेमवर ही चैन परवडणारी नव्हती. सूचना पाठवणारे प्रोटोकॉल मात्र मोजक्या किलोबिटांत भागवत, म्हणून कचेऱ्यांमध्ये तेच रुजले.

पुढे पारडं फिरलं, आणि त्याचं कारण प्रोटोकॉलमध्ये नव्हतं. ते पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टींमध्ये होतं. ब्राउझर, व्हिडिओ, ग्राफिक्स कार्डावर रंगणाऱ्या खिडक्या हे सगळं विंडोजच्या जुन्या चित्रसूचना वापरत नाही, तयार पिक्सलच पुढे करतं. सूचनाच नाहीत म्हटल्यावर पाठवणार काय? कॅनडातल्या टेराडिची या कंपनीने आणलेला पीसी-ओव्हर-आयपी हा प्रोटोकॉल या बदलाला साजेसा होता. सगळं चित्र डेटा सेंटरमध्येच तयार करायचं, मजकूर, फोटो आणि चलचित्र ओळखून प्रत्येकाला वेगळ्या पद्धतीने दाबायचं, आणि घाई असेल तेव्हा आधी धूसर चित्र देऊन मग ते मूळ पिक्सलपर्यंत स्वच्छ करत न्यायचं. सुरुवातीला हे काम खास चिपवर चाले. २००९ साली व्हीएमवेअरच्या व्ह्यू ४ मध्ये ते सॉफ्टवेअरमधून होऊ लागलं. पुढे व्हीएमवेअरने स्वतःचा ब्लास्ट एक्स्ट्रीम काढला (२०१६), आणि त्यात व्हिडिओच्या जगातलं एच.२६४ हे चित्र दाबण्याचं मानक वापरलं. मोबाइलपासून ग्राफिक्स कार्डापर्यंत सगळीकडे एच.२६४ उलगडणारी चिप आधीच बसवलेली असते, हा त्याचा मोठा फायदा. आज आरडीपी, सिट्रिक्स, ब्लास्ट हे सगळेच एच.२६४ किंवा त्याचे धाकटे भाऊ वापरतात. ‘कोणता प्रोटोकॉल चांगला’ या वादातली निम्मी हवा त्यामुळे गेलेली आहे.

एच.२६४ची एक खोड मात्र कचेरीच्या कामात फार नडते. ते घडवलं गेलं चित्रपट आणि चलचित्रांसाठी. माणसाचा डोळा उजेडातला फरक पटकन टिपतो, रंगातला फरक तितका नाही. म्हणून नेहमीच्या पद्धतीत चार पिक्सलच्या चौकोनाला मिळून एकच रंगमूल्य ठेवतात. नटीच्या चेहऱ्यावर हे खपतं. काळ्या पडद्यावरच्या लाल किंवा निळ्या अक्षरांवर खपत नाही. प्रोग्रामरच्या एडिटरमधली रंगीत अक्षरं, शेअर बाजाराच्या पडद्यावरचे लाल आकडे कडेने फिसकटल्यासारखे दिसतात आणि दिवसभर पाहून डोळे दुखतात. उपाय आहेत. आरडीपीच्या दहाव्या आवृत्तीने पूर्ण रंग टिकवणारी पद्धत आणली. सिट्रिक्समध्ये फक्त सतत हलणाऱ्या भागाला व्हिडिओची पद्धत लावून बाकीचा मजकूर स्वच्छ पाठवता येतो. पण हे पर्याय पॉलिसीत कुणीतरी निवडावे लागतात. अक्षरं अंधुक दिसतात म्हणून चष्म्याचा नंबर तपासायला निघालेल्या माणसाला हे कोण सांगणार?

आता खऱ्या अडचणीकडे. कंपन्या बँडविड्थ विकत घेतात, कारण ती विकत मिळते. पण व्हर्च्युअल डेस्कटॉप अडतो तो बहुतेक वेळा अंतरावर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरची जा-ये करायला दहा मिलिसेकंद लागणारच, मग कितीही महाग लाइन घ्या. मुंबईहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जाऊन परत यायला प्रत्यक्षात दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास लागतात. तुम्ही ‘क’ टाइप केलात, कळ तिकडे गेली, तिथल्या वर्डने अक्षर उमटवलं, त्याचं चित्र परत आलं. एक पंचमांश सेकंद गेला. मायक्रोसॉफ्टच्या मार्गदर्शनानुसार १५० मिलिसेकंदांपर्यंत साध्या कामात त्रास जाणवू नये, १५० ते २०० मध्ये मजकुराचं काम निभावतं, आणि त्यापुढे वापरणाऱ्याला फरक जाणवू शकतो. गंमत अशी की माउसचा बाण बहुतेक प्रोटोकॉलमध्ये तुमच्याच मशीनवर काढला जातो, म्हणून तो मजेत फिरतो आणि खिडकी मात्र त्याच्यामागून फरफटत येते. जुन्या सिट्रिक्समध्ये तर टाइप केलेलं अक्षर आधी इकडेच दाखवून टाकायची आणि खरं चित्र आलं की जुळवून घ्यायची सोय होती. लपवाछपवीच ती, पण वापरणाऱ्याला बरं वाटे.

बँडविड्थची गरज त्यामानाने माफक आहे. मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजात हलक्या कामाला माणशी दीड मेगाबिट, मध्यम कामाला तीन, जड कामाला पाच, आणि थ्री-डी आराखडे करणाऱ्यांना पंधरा मेगाबिट सुचवलेले आहेत. घराघरांतल्या फायबरला हे जड नाही. जड जाते ती गळती. वाटेत हरवणारी पॅकेट, आणि ती येण्यातला अनियमितपणा.

इथे टीसीपी आणि यूडीपी या पॅकेट पोचवण्याच्या दोन पद्धतींतला फरक कळीचा ठरतो. टीसीपी रेशनच्या रांगेसारखा आहे. पुढच्याचं कार्ड सापडत नसलं की मागचे सगळे पिशव्या धरून उभे. एक पॅकेट हरवलं तर ते पुन्हा येईपर्यंत मागून आलेली पॅकेट हातात असूनही वापरता येत नाहीत. फाइल उतरवताना हे योग्यच आहे, कारण फाइलीत एक बाइटही गहाळ चालणार नाही. पण पडद्याचं तसं नसतं. अर्ध्या सेकंदापूर्वीची हरवलेली चौकट आता आणून काय करायची, पुढची तर आली आहे. यूडीपीवर प्रोटोकॉल स्वतः ठरवतो की काय पुन्हा मागवायचं आणि काय सोडून द्यायचं. पीसी-ओव्हर-आयपी पहिल्यापासून यूडीपीवर चालतो. आरडीपीला ही सोय २०१२च्या आठव्या आवृत्तीत मिळाली, सिट्रिक्सने आपली यूडीपीवरची वाट नंतर आणली, ब्लास्टनेही तेच केलं.

तरीही कितीतरी कंपन्यांत हे सगळं बंद पडलेलं असतं आणि कुणाला पत्ता नसतो. कारण फायरवॉलवर यूडीपी अडवलेलं असलं तर आजचे प्रोटोकॉल तक्रार न करता गुपचूप टीसीपीवर उतरतात. सेशन उघडतं, सगळं ‘चालतं’, फक्त पावसाळ्यात लाइन खराब झाली की ते गुदमरतं. त्यावर टीसीपीवर धावणारा व्हीपीएन चढवलेला असला तर रांगेत रांग लागते : हरवलेलं पॅकेट आतला टीसीपीही पुन्हा मागवतो आणि बाहेरचाही. माझ्या मते प्रोटोकॉल बदलण्याचा विचार करण्याआधी फायरवॉलचे नियम एकदा वाचावेत. आरडीपीसाठी ३३८९, पीसी-ओव्हर-आयपीसाठी ४१७२, सिट्रिक्ससाठी १४९४ आणि २५९८ हे क्रमांक यूडीपीलाही खुले आहेत का, एवढं पाहिलं तरी पुष्कळ तिकिटं मिटतील. हे आतल्या जाळ्यावरचं झालं. बाहेरून येणाऱ्यांसाठी गेटवे असतो, त्याचं पुढे.

मग डेस्कटॉप कुठे ठेवायचा? माणसाजवळ, हे सहज सुचणारं उत्तर. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युअरचं मध्य भारतातलं केंद्र पुण्यात आहे, अॅमेझॉनचं मुंबईत. पुण्यातल्या कर्मचाऱ्याचा डेस्कटॉप पुण्यात ठेवला तर टायपिंग झकास होईल. पण तो ज्या प्रणालीवर काम करतो तिचा डेटाबेस अमेरिकेत असेल, तर एक पडदा उघडायला ती प्रणाली डेटाबेसला एकामागून एक दोनशे प्रश्न विचारते आणि प्रत्येक प्रश्नाला दोनशे मिलिसेकंद लागतात. चाळीस सेकंद. डिस्प्ले प्रोटोकॉल अंतर सहन करण्यासाठीच घडवलेला असतो, डेटाबेसशी बोलणारं जुनं सॉफ्टवेअर नसतं. म्हणून डेस्कटॉप डेटाजवळ ठेवावा आणि अंतराचा ताण प्रोटोकॉलवर टाकावा. या क्षेत्रात मुरलेली माणसं हेच सांगतात. काम जर बहुतांशी ब्राउझर, मेल आणि वर्डचं असेल, तर मात्र माणसाजवळचा डेस्कटॉप बरा.

निवडीबद्दल बोलताना एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रोटोकॉल दुकानातून सुटा मिळत नाही. अझ्युअर व्हर्च्युअल डेस्कटॉप किंवा विंडोज ३६५ घेतलं की आरडीपी आला. व्हीएमवेअरने घडवलेलं होरायझन घेतलं की ब्लास्ट. अॅमेझॉनच्या वर्कस्पेसेसमध्ये पीसी-ओव्हर-आयपी आणि डीसीव्ही. यातला डीसीव्ही अॅमेझॉनने २०१६ साली नाइस ही इटालियन कंपनी घेतली तेव्हा तिच्याबरोबर आला. सिट्रिक्स मात्र अझ्युअरवरही आपला प्रोटोकॉल चालवू देतं, त्यासाठी वेगळा परवाना घ्यावा लागतो. म्हणजे खरा प्रश्न असा की मायक्रोसॉफ्टच्या परवान्यात मिळणाऱ्या आरडीपीवर भागतं का, की त्यावर आणखी पैसे मोजण्यासारखं काही कारण आहे. कारणं असतात. वाईट लाइनवरची शेकडो माणसं, प्रिंटरची गुंतागुंत, पॉलिसीचं बारीक नियंत्रण, ग्राफिक्सचं जड काम. चारशे माणसांच्या हिशेबनीस कंपनीला यातलं एकही लागू नसतं, तरी ती महागडा पर्याय घेते, कारण सादरीकरणात व्हिडिओ सुरेख चालला.

शिवाय विकणाऱ्याचं काय होईल हेही पाहावं लागतं. गेल्या काही वर्षांत या धंद्यात मालकांची फारच अदलाबदल झाली. टेराडिची २०२१ साली एचपीने घेतली. सिट्रिक्स २०२२ साली खासगी गुंतवणूकदारांकडे जाऊन टिबकोबरोबर एका छत्राखाली आली. व्हीएमवेअर २०२३च्या अखेरीला ब्रॉडकॉमने घेतली आणि तिचा डेस्कटॉपचा धंदा २०२४ मध्ये केकेआरकडे जाऊन ऑम्निसा झाला. खुल्या जगातही वेगळं नाही : रेड हॅटने मोठ्या अपेक्षेने घेतलेला आणि २००९ साली खुला केलेला स्पाइस हा प्रोटोकॉल त्यांनीच आपल्या लिनक्सच्या नवव्या आवृत्तीतून काढून टाकला. करार तीनपेक्षा जास्त वर्षांचा करताना हात थोडा आखडता घ्यावा, तो यासाठी.

एकदा निवड झाली की कारभार सुरू होतो, आणि माझा अनुभव असा की चांगला-वाईट फरक निवडीपेक्षा कारभारात जास्त पडतो. चौकटींचंच घ्या. बहुतेक प्रोटोकॉल मुळात सेकंदाला तीस चौकटींवर थांबतात. सगळ्यांसाठी साठ करणं हा नुसता डौल आहे. कारकुनी कामात फरक दिसत नाही, आणि सर्व्हरमध्ये ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्र दाबायचं सगळं ओझं प्रोसेसरवर पडून एका सर्व्हरवर बसणारी माणसं कमी होतात. गट पाडावेत : मजकुराचं काम करणारे, रंगीत अक्षरांत दिवस काढणारे, आराखडे फिरवणारे. तिघांची पॉलिसी वेगळी.

व्हिडिओ कॉल ही आणखी एक डोकेदुखी. काही केलं नाही तर तुमच्या कॅमेऱ्याचं चित्र आधी डेटा सेंटरला जातं, तिथून टीम्सकडे, समोरच्याचं चित्र पुन्हा डेटा सेंटरमार्गे तुमच्याकडे. दोनदा दाबलं, दोनदा उलगडलं, सर्व्हर तापला आणि आवाज तुटला. म्हणून कॉलचं चित्र आणि आवाज वळवून थेट तुमच्या लॅपटॉपवरून पाठवायची सोय असते, आणि डेस्कटॉपच्या खिडकीवर ते चित्र इकडेच चिकटवलं जातं. त्यासाठी लॅपटॉपवरचं क्लायंट सॉफ्टवेअर नवं लागतं. आयटी विभाग सर्व्हर नेमाने अद्ययावत करतो आणि माणसांच्या घरातले क्लायंट दोन-दोन वर्षं जुने राहतात. तिकिटांचा एक मोठा गठ्ठा इथून येतो.

मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक सूचना. विंडोजवरून विंडोजवर जाताना सहसा अक्षर जात नाही, कळीचा क्रमांक जातो; त्याचं अक्षर तिकडचा डेस्कटॉप करतो. म्हणून घरच्या लॅपटॉपवर बसवलेलं फोनेटिक टायपिंग तिकडे बहुधा उपयोगी पडत नाही. कीबोर्डची भाषा आणि टायपिंगचं साधन दूरच्या डेस्कटॉपवरच असावं लागतं. फॉन्टचं उलट आहे : चित्रच येत असल्यामुळे तिकडे मराठी फॉन्ट असले की पुरे, इकडे नसले तरी बिघडत नाही. सगळ्यांचे डेस्कटॉप ज्या मूळ प्रतीवरून काढतात, तिच्यातच हे दोन्ही घालून ठेवलं तर शंभर जणांचा त्रास वाचतो.

सुरक्षेचं थोडक्यात. २०२०च्या मार्चमध्ये दूरसंचार विभागाने घरून कामाच्या अटी शिथिल केल्या आणि कंपन्यांनी मिळेल त्या वाटेने डेस्कटॉप उघडून दिले. त्यात ३३८९ क्रमांकाचं दार थेट इंटरनेटवर उघडं टाकणं ही सगळ्यांत वाईट वाट. वर्षभर आधीच, २०१९च्या मेमध्ये, आरडीपीमधली ब्लूकीप नावाची त्रुटी उघड झाली होती आणि ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने सोडून दिलेल्या विंडोज एक्सपीसाठीही दुरुस्ती काढली. गेटवे हवाच. पण गेटवे म्हणजे कवच नव्हे : २०२३च्या ऑक्टोबरमध्ये समोर आलेली सिट्रिक्स ब्लीड ही त्रुटी गेटवेमध्येच होती, आणि तिच्यातून चालू सेशनच चोरता येत असे. म्हणून गेटवेची दुरुस्ती महिनाअखेरीची वाट न पाहता करावी. कॉपी-पेस्ट मात्र सरसकट बंद करू नये. बाहेरून आत चालू, आतून बाहेर बंद, अशी एकतर्फी पॉलिसी करता येते. पूर्ण बंद केलं की माणसं मोबाइलने पडद्याचा फोटो काढतात, आणि तो कोणत्याही नोंदवहीत येत नाही.

मोजमाप करताना नुसत्या पिंगवर जाऊ नये. सिट्रिक्सच्या डायरेक्टर या देखरेखीच्या साधनात आयसीए आरटीटी नावाचा वेगळा आकडा दिसतो. कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा तो वेळ. जाळ्याचा वेळ चाळीस मिलिसेकंद आणि हा चारशे दिसत असेल, तर दोष लाइनचा नाही, सर्व्हर किंवा प्रोग्राम अडला आहे. दोन्ही आकडे बरोबरीने वाढत असतील तरच जाळ्याकडे वळावं.

नव्या करारावर सही करण्यापूर्वी चाचणी घ्यायची असेल तर ती आयटी विभागाच्या मजल्यावर घेऊ नका, तिथे सगळंच छान चालतं. सर्वांत वाईट लाइनवरची दहा माणसं निवडा, त्यांच्याच कामाच्या फाइली द्या आणि दोन आठवडे चालू द्या. आणि आज तुम्ही स्वतः आरडीपीवर काम करत असाल, तर पूर्ण पडद्यावर वरच्या कडेला येणाऱ्या पट्टीतलं सिग्नलसारखं चिन्ह दाबून पाहा. यूडीपी सुरू असेल तर तिथे तसं लिहिलेलं दिसतं. नसेल तर ‘सिस्टिम स्लो आहे’ असं तिकीट न टाकता ‘यूडीपी बंद आहे’ असं टाका.